घरचं कोण बसणार?

पांढुर्णा, ११ ऑगस्ट

अपर्णा,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देतो, कारण बातमी पोटात ठेवून मला आशीर्वाद लिहिता येणार नाहीत. तुझी नियुक्तीची ऑर्डर मी पाहिली! तू ती आईच्या मोबाइलवर पाठवली, आईनं मला दाखवली नाही, आणि तरी मी पाहिली. प्राथमिक शिक्षक. शाळा सौसरजवळ, लोधीखेड्याच्या अलीकडे. रुजू व्हायची शेवटची तारीख एक सप्टेंबर. कालपासून दुकानात जो येतो त्याला सांगून राहिलो. संत्र्याच्या आडतीतला मोठा काटा दुरुस्तीला आला होता, त्याच्या मालकाला इतकं सांगितलं की तो शेवटी म्हणाला, "भाऊ, पोरीचं कौतुक बरोबर आहे, पण माझा काटा अजून दोनशे ग्राम जास्त दाखवते." खरंच दाखवत होता. माझ्या हातून असं होत नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आईकडून एवढं कळलं, की तू रुजू होणार की नाही हे शिवूवर अडलं आहे. मयूररावांची कंपनी पिथमपूरला, ते एवढ्यात इकडे येत नाहीत. तू दिवसभर शाळेत. तुझी पोर अजून तीन वर्षांची व्हायची आहे. तिच्यासाठी मनासारखी जागा मिळाली नाही तर ऑर्डर परत करणार, असं तू आईला म्हणालीस. परत करणार! असली ऑर्डर म्हणजे काय बसचं तिकीट आहे?

तर हे काम मी अंगावर घेतलं आहे. मला कोणी सांगितलेलं नाही, ते मला माहीत आहे.

मार्ग दोन आहेत. एक, शिवू इथं पांढुर्ण्यात आमच्याजवळ राहील, सकाळी इथल्या अर्ली लर्निंग सेंटरमध्ये जाईल, तू सौसरला खोली घेशील आणि दर शनिवारी येशील. दोन, ती सौसरला तुझ्याजवळ राहील आणि तू शाळेत असेपर्यंत तिथल्या पाळणाघरात. दोन्ही जागा मी स्वतः पाहून, एकेक बाब तपासून तुला लिहिणार. मी निःपक्ष आहे. काटा दुरुस्त करणाऱ्याला कोणत्याच पारड्याचा लोभ नसतो.

आज पांढुर्ण्याची जागा पाहिली. नाव 'लिटल ऑरेंज'. पाहिल्याबरोबर ऊर भरून आला! हात धुवायच्या कुंड्या पोरांच्या कमरेच्या उंचीला. टेबलांचे कोपरे गोल घासलेले, मी बोट फिरवून पाहिलं. पंख्याला जाळी. फाटकाची कडी बाहेरून आणि उंच. रेतीचे ट्रे आहेत, त्यात पोरं बोटानं अक्षर काढतात, चुकलं की हलवून मोडतात. पाटीपेक्षा चांगलं, हे मला आधी का सुचलं नाही? तीन वर्षांचा एक पोट्टा सगळे ग्रह ओळीनं सांगतो. मी विचारलं, मंगळ कोणता? त्यानं लाल चेंडूकडे बोट केलं! मी टाळी वाजवली. त्यांना सांगितलं, की माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना पेपर वाचायची, तेव्हा अर्ली लर्निंग हा शब्द इथं कोणाला ऐकूनही माहीत नव्हता. नुसती माहिती म्हणून सांगितलं.

एक गोष्ट झाली, ती लपवत नाही. मी दुकानातून परस्पर गेलो, म्हणून हातात पितळी वजनांची पेटी होती. तिच्यावर नापतौल विभागाच्या, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याच्या, परवान्याचा नंबर रंगवलेला आहे. तो पाहिला आणि तिथल्या चंचल मॅडम मला तपासणीचा साहेब समजून खुर्चीवरून उठल्या. "सर, आप पहले फोन कर देते तो..." पोरांना उभं केलं, कविता म्हणवली, मला नारळपाणी दिलं. मी खोटं काही बोललो नाही. खरं बोलायला फक्त उशीर केला.

आपल्या समोरच्या खोलीला पिवळा रंग दिला. डब्यात उरला होता. न्हाणीत लहान मुलांचं कमोड बसवलं, प्लंबर नाही तरी आलाच होता. तू मनात काही आणू नको.

बारशाचं मी काढत नाही. अडीच वर्षं झाली त्याला, आणि तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. एवढंच म्हणतो, की एकोणतीसचा पाढा तुला येतो म्हणूनच सगळ्यांसमोर म्हण म्हटलं होतं. तुझ्या सासरच्या मंडळींना कळायला नको, कोणाची मुलगी घरात आणली?

आता आशीर्वाद. पुष्कळ.

बाबा


पांढुर्णा, १८ ऑगस्ट

अपर्णा,

तुझं उत्तर आलं! आईच्या मोबाइलवर आलं, एका ओळीचं आलं, माझ्या नावानं आलं नाही, पण आलं. 'बाबांना विचार, तिथे मूल रडलं की कोण उचलतं?'

आईनं मला वाचून दाखवलं तेव्हा मी जेवत होतो. हातातला घास तसाच राहिला. कड्या पाहिल्या, कोपरे पाहिले, पंखा पाहिला, आणि हे पाहिलंच नाही! माझ्यासमोर कोणी रडलंच नव्हतं. साहेब आला म्हटल्यावर कोण पोराला रडू देतं?

दुसऱ्याच दिवशी पेटी घरी ठेवून गेलो आणि चंचल मॅडमना सांगून टाकलं, की मी साहेब नाही, माझी वजनकाट्याची दुकान आहे, नातीसाठी जागा पाहून राहिलो.  त्यांना हसू आवरेना, टेबलावर डोकं टेकलं. हिंदी गेली, अस्सल आपली बोली बाहेर आली. "अवो काका! तुमच्यापायी मी पोट्ट्यांले नवे टॉवेल काढून दिले ना! अन् नारळपाणी?" मी म्हटलं, नारळाचं तुमचं माझ्याकडे राहिलं. "ते जाऊ द्या. बसा आता मागं, चूपचाप. ह्या खेपेस चेहऱ्यावर साहेबी नका आणू."

मागे बसलो, पोरांच्या खुर्चीवर. उठताना खुर्ची माझ्यासोबत उठली, तेव्हा सगळा वर्ग खूश झाला.

मग एक पोरगा रडला. डबा उघडला, त्यात त्याला पाहिजे ते नव्हतं, आणि डब्यावरून त्याला आई आठवली. मदतनीस बाई धावली. चंचल मॅडम आल्या, खाली वाकल्या, "गुड बॉय रोता नहीं" म्हणून तळहातावर चांदणी चिकटवली. थांबला. माझ्या देखत थांबला. मी उगाच नावं ठेवणार नाही, मॅडम प्रेमानं बोलल्या. पण पोरगा चांदणीकडे पाहत नव्हता, फाटकाकडे पाहून राहिला होता. मी मॅडमना तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्या म्हणाल्या, "काका, खरं सांगू? पोट्टे बावीस अन् आम्ही दोघी. आमचा प्रोग्राम तीन तासांचा. रडू रंगात येते तोवर घरी जायची वेळ होते." सरळ बोलणारं माणूस मला आवडतं.

बारा वाजता सुटी. पुढचा सगळा दिवस शिवू आमच्याकडे. म्हणजे उचलायला मी आहेच. हे मी बाजू म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

लगेच सौसरही उरकलं. विजयमालाबाई म्हणून आहेत, बाजाराच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवतात. पुढे मोठा ओटा. दवाखान्यातल्या नर्सबाईंची, बँकवाल्यांची, शिक्षकांची अशी दहा-बारा पोरं. दारातून आत पाहिलं आणि माझा विश्वास बसेना. भिंतीवर एक अक्षर नाही! एक चित्र नाही! दोन पोरं चटईखाली शिरली होती, एक पोरगी बादलीशी बोलत होती.

"काय शिकवता?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही जी. खातात, खेळतात, भांडतात, झोपतात. सांजच्याला ज्याचं त्याले देऊन टाकते."

"पण या वयात मेंदूची वाढ सगळ्यात..."

"होते ना वाढ. मी कुठं धरून ठेवली?"

"मी पांढुर्ण्याचं सेंटर पाहून आलो. तिथं पोरं ग्रह सांगतात."

"बापा! मग अथी काहून आले? अथी तं पोट्ट्यांले सौसर माहीत नाही अजून."

मी गप्प बसणारा नाही. न्हाणीच्या दाराला आतून कडी आहे आणि ती पोराचा हात पोचेल अशी आहे, एखादं आत अडकलं तर काय कराल, हे मी दाखवून दिलं. विजेचा खटका खाली आहे, तेही. त्या कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "झालं? आता हे तोंडानं सांगून राहिले का हातानं बी करता?" पेचकस माझ्या खिशात असतोच. कडी काढून वर लावली. खटक्यावर लाकडी झाकण ठोकलं. पोरं भोवती जमली. त्यांना मी पेच उजवीकडे फिरवला की बसतो, डावीकडे की निघतो, हे सांगायला लागलो, तर विजयमालाबाई म्हणाल्या, "भाऊ, चहा गार होते."

रडणारं कोणी सापडलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, "तान्ह्या पोळ्याले या. त्या दिवशी सगळेच रडतात."

माझा कल कुठे आहे ते तुझ्या ध्यानात आलं असेल. पण मी अजून निःपक्षच आहे. खोलीचा पिवळा रंग वाळला. बरा दिसतो.

बाबा


पांढुर्णा, २४ ऑगस्ट

अपर्णा,

काल जे पाहिलं ते लिहायला घेतलं तर हात पुढे पळून राहिला, अक्षर वाईट येत आहे, सांभाळून घे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या गावात गोटमार, नदीवर दगडांची लढाई, म्हणून दुकान बंदच. सकाळची बस धरून सौसरला गेलो. तिकडे तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी नंद्यांचा, जोरात असतो. हातात नंदी होता, मी केलेला. सागवानाचा, शिंगं खऱ्या मापाची, पाठीवर झूल, आणि चाकं जुन्या तराजूच्या पितळी पारड्यांची. असा नंदी दोन्ही तहसिलींत नसेल. विजयमालाबाईंच्या पोरांसाठी म्हणून नेला. (केला शिवूसाठी होता. पण ती अजून आली कुठे?) कंडक्टर म्हणाला, "काका, याची हाफ तिकीट लागते." मी द्यायला तयार होतो.

ओट्यावर तोरण बांधलेलं. पोरांचे नंदी इवले इवले, कोणाचा रंग उडालेला, कोणाचं शिंग मोडलेलं. मी माझा मध्ये ठेवला तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमले. अंकुर म्हणून चार वर्षांचा एक पोट्टा आहे, बँकवाल्यांचा. त्यानं दोरी धरून ओढलं. नंदी हलला नाही. दोघांनी ओढलं. नाही हलला. अपर्णा, माझा जन्म वजन करण्यात गेला आणि मी नंदी तोललाच नाही! एवढं लाकूड, एवढं पितळ, आणि ओढणारे हात कोणाचे याचा विचारच नाही. असली चूक सबंध जिल्ह्यात मीच करू शकतो.

अंकुर म्हणाला, "याले भूक लागली."

पोरांनी परसातून पाला आणला. नंदीनं खाल्ला नाही. "हे बिमार आहे," एक पोरगी म्हणाली. मग त्याची नाडी पाहिली, कानात. मला राहवेना. चाकाच्या आसाला तेल पाहिजे, आणि दोरी खालून बांधली तर ओढ सरळ लागेल, एवढं सांगायला मी तोंड उघडलं, तर विजयमालाबाईंनी त्यात करंजी कोंबली. शब्दशः कोंबली. "भाऊ, चावा."

मी चावत राहिलो, आणि समोर काय झालं ते ऐक. अंकुरनं आपला छोटा नंदी आणून मोठ्याच्या पुढे बांधला. का, तर बैल बैलाला ओढतो. त्याचं पाहून दुसऱ्यानं बांधला. मग सगळ्यांनी. छोट्या नंद्यांची माळ लागली, आणि प्रत्येकाची दोरी ज्याच्या त्याच्या हातात. भांडण झालं, पुढे कोण म्हणून. एकानं एकाला चावलं. आणि मग कोणीतरी "हुर्रर्र" केलं आणि सगळ्यांनी एकदम ओढलं, आणि हलला! पितळेची चाकं कर्रकन वाजली आणि हलला! सगळे ओरडले. सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडलो. गल्लीतले लोक बाहेर आले पाहायला. तोरणाखालून तो नंदी गेला तेव्हा विजयमालाबाईंनी सगळ्यांना बोजारा दिला, एकेक करंजी आणि फुगा, आणि रांगेत शेवटी मलाही दिला. मी घेतला.

आता तुझा प्रश्न.

एक पोरगी नवीन होती, दोन दिवसांपूर्वीच यायला लागलेली. या गोंधळात ती कोपऱ्यात रडून राहिली होती, आवाज न करता. मी जवळ गेलो. "नाव काय तुझं? हे किती बोटं आहेत?" तिनं जो सूर लावला! विजयमालाबाई आतून ओरडल्या, "भाऊ, पेपर नका घेऊ तिचा!"

मग त्या बाहेर आल्या, हातात बरबटीच्या शेंगांची टोपली. मी पाहत होतो, आता उचलतील, आता उचलतील. नाही उचललं. तिच्यापासून हातभर लांब खाली बसल्या, तिच्याकडे पाठ करून, आणि शेंगा मोडायला लागल्या. कट, कट. हाक नाही, "ये बाळ" नाही, काही नाही. मला राग आला. पोर रडते आणि बाई भाजी करते? पोर पाहत राहिली. थोडी सरकली. पुन्हा रडली, पण आता कमी, शेंगेचा आवाज ऐकायला थांबून थांबून. मग आणखी सरकली. मग पाठीला टेकली. आणि शेवटी उठून, गोल फिरून, त्या बाईच्या मांडीत जाऊन बसली आणि एक शेंग उचलून मोडली.

मी विचारलं, "तुम्ही उचललं काहून नाही?"

"मी उचललं असतं तं ते मी उचललं असतं. आता ते आपल्या मनानं आली. उद्या ते आणखी लवकर येईन."

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर आहे, पण ते प्रश्नाच्या खाचेत बसत नाही. तू विचारलं कोण उचलतं. कोणी उचललं नाही. पोर स्वतः जाऊन बसली.

शिफारस या पत्रात लिहीत नाही. बसमध्ये सगळा रस्ता मी खिडकीतून बाहेर पाहत आलो आणि काही दिसलं नाही. घरी आल्यावर समोरची खोली पाहिली. पिवळा जरा भडकच झाला आहे.

बाबा


पांढुर्णा, २७ ऑगस्ट

अपर्णा,

शिफारस: सौसर.

लिहून टाकलं एकदाचं. आता कारणं लिहितो, कारण नुसता निकाल देणारा माणूस मी नाही.

लिटल ऑरेंज चांगलं आहे. अक्षराला, गाण्याला, रांगेत उभं राहायला शिकवणारं असं सेंटर शिवूला पाहिजेच, पण चार वर्षांची झाल्यावर, आणि तेव्हा तुझ्या शाळेजवळचं पाहू. आज तिथले तीन तास सोडले तर बाकीचा दिवस ती माझ्याजवळ असेल. आणि मी काय करीन ते मला माहीत आहे. जेवायला बसली की पोळीचे तुकडे मोजायला लावीन. जिना चढताना पायऱ्या. गिऱ्हाईक आलं की, "बेटा, काकांना ग्रह सांग." मला थांबवता येणार नाही, करंजी घेऊन कोणी मागे उभं असल्याशिवाय. सौसरला ती रोज संध्याकाळी तुझ्याजवळ असेल. इथं राहिली तर फक्त शनिवारी. एवढी साधी गोष्ट मी पहिल्या पत्रात दोन ओळींत उडवली होती.

पांढुर्ण्याचं पारडं खाली दिसत होतं ते त्यावर माझा हात टेकलेला होता म्हणून. कोणा दुकानदाराचा हात असा टेकलेला मला दुरून दिसतो.

तुझ्या आईशी यावरून भांडण झालं. "नातीले लोकाच्या घरी ठेवतात का? आपण मेलो का?" मी तिला सगळं समजावलं, शेंगांसहित. ती म्हणाली, "अन् ते कमोड कोनासाठी बसवलं? तुमच्यासाठी?"  मग ती थोडी रडली. मी जवळ जाऊन पाठ करून बसलो. "हे काय करून राहिले?" म्हणाली. सगळ्यांना लागू होत नाही ते.

आता एक अडचण आहे आणि ती मी गाळली तर पत्र खोटं होईल. विजयमालाबाईंना काल फोन केला, जागा आहे का म्हणून. जागा आहे. पण त्यांचा एकच नियम आहे, आणि त्यात सूट नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न तो विचारला, "घरचं कोण बसणार?" नवीन पोर आलं की पहिला आठवडा घरचं एक माणूस दिवसभर ओट्यावर बसतं. आत जायचं नाही, हाक मारायची नाही, खाऊ द्यायचा नाही, शिकवायचं तर नाहीच. नुसतं दिसत राहायचं. पोराला वाटेल तेव्हा ते बाहेर येऊन पाहून जातं, माणूस आहे ना, म्हणून.

तू बसू शकत नाहीस, एक तारखेला तुला शाळेत हजर व्हायचं आहे. मयूररावांना सुटी नाही असं आई म्हणते. आईचे गुडघे बसचे नाहीत.

मी बसू शकतो. दुकान बंद ठेवीन. शिवूला मी बारशाला पाहिलं तेवढंच, तिला मी ओळखीचा नाही. पण विजयमालाबाई म्हणतात, घरचं माणूस असलं की पुरे, पोराले कळते. तू सकाळी तिला सोडून गेल्यावर मी येईन, तुझ्यासमोर येणार नाही. मी तिला काही विचारणार नाही. काही म्हणजे काही नाही.

हो की नाही, आईला कळव. नाही म्हणालीस तरी जागा तीच घे, शिफारस बदलत नाही. कोणीतरी दुसरं बसायला शोधू.

बाबा


सौसर, विजयमालाबाईंचा ओटा, १ सप्टेंबर, दुपार

अपर्णा,

'हो' आला तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानं मोबाइल मला दिला आणि म्हणाली, "वाचा तुम्हीच." एकच अक्षर होतं. माझ्या नावानं नव्हतं तरी मी ते माझंच समजलो.

सकाळी ठरल्याप्रमाणे मी कोपऱ्यावर थांबलो होतो. तू निळ्या साडीत गेलीस. पर्स घट्ट धरली होतीस. पहिल्या दिवशी सगळेच धरतात. तू वळली नाहीस ते बरं झालं, नाही तर मला पानठेल्यामागे जावं लागलं असतं.

आता सकाळपासूनचं सांगतो, सगळं सांगतो!

तू गेल्यावर शिवू दारात उभी राहिली, रडली, विजयमालाबाई शेंगा घेऊन बसल्या वगैरे, ती रीत तुला लिहिलीच आहे. मी ओट्याच्या टोकाला बसलो. नंतर ती बाहेर आली. केस तुझ्यासारखे, कपाळावरचे उभे राहतात. माझ्यासमोर थांबली आणि मला तपासलं. चपला पाहिल्या. खिशातला पेचकस पाहिला. दोन्ही हात पाहिले. मी तपासतो तशी! एकेक बाब!

"तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "मी इथं बसतो."

"का?"

"माझं काम आहे."

"काय काम?"

"बसायचं."

तिनं विचार केला. पटलं तिला. आत गेली आणि अंकुरला सांगितलं, "ते बसायचं काम करतात." अंकुर म्हणाला, "माहे बाबा बी तेच करतात. बँकेत."

हसू दाबताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नियमात हसायची बंदी आहे की नाही ते मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर ती आली आणि गेली, आली आणि गेली. एकदा काहीच न बोलता माझ्या मुठीत चिंचोके ठेवून गेली. थोड्या वेळानं परत येऊन घेऊन गेली. पुन्हा आणून ठेवले. अपर्णा, ते किती होते ते मी मोजले नाहीत. मूठ बंदच ठेवली. हात दुखून आला तरी उघडली नाही, कारण उघडली असती तर मोजले असते.

जेवली. वरण-भात, आपल्या हातानं, अर्धा फ्रॉकवर. आता झोपली आहे. मी दारातून नुसती मान आत घातली तर विजयमालाबाई म्हणाल्या, "भाऊ, बोला खुशाल, बोलण्यानं उठत नाही ते. अशी टक लावाल तं उठन." मग इकडे येऊन हे लिहायला घेतलं. उद्यापासून लिहायला दुसरी वही आणावी लागेल, ही बिलाच्या पाठीमागची जागा पुरत नाही.

पत्र विजयमालाबाईंच्या हाती देऊन ठेवतो, तू आलीस की त्या दारातच देतील. तू येशील तेव्हा मी इथंच असेन. आधी उठून जाऊ का म्हणून मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पोर घरी जाईस्तोवर घरचं माणूस हलत नाही.

झोपायच्या आधी शिवूनं पुन्हा विचारलं, मी कोण. तिचा आवाज झोपेनं जड झाला होता, आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, अडीच वर्षांपासून तयार आहे. दिलं नाही. ते द्यायचं माझ्याकडे नाही. संध्याकाळी ती तुझ्या कडेवरून माझ्याकडे बोट करेल आणि तुला विचारेल. तेव्हा तू तिला सांग.

जे सांगशील, ते मी.